खेड्यातल्या डॉक्टरांना सुपरव्हायजर म्हणून कसं तयार करायचं: पहिल्यांदाच ट्रेनिंग देणाऱ्यांसाठी

कधीतरी कॉलेजकडून निरोप येतो की आमच्या मेडिकलच्या पोरांना आता काही महिने खेड्यातल्या दवाखान्यांत पाठवणार आहोत, तर तिथल्या डॉक्टरांना जरा शिकवा पोरांना कसं सांभाळायचं ते. आणि हे काम फिरत फिरत तुमच्या गळ्यात येऊन पडतं. तुम्ही स्वतः चांगले डॉक्टर असता, कदाचित चांगले शिक्षकही असता, पण दुसऱ्या डॉक्टरला सुपरव्हिजन शिकवणं हे वेगळंच प्रकरण आहे हे पहिल्या वर्कशॉपमध्ये आपटल्यावर कळतं. निदान मला तरी तेव्हाच कळलं.

माझं पहिलं ट्रेनिंग म्हणजे अख्ख्या दिवसाचं वर्कशॉप, सत्तरच्या वर स्लाइड्स, मोठी माणसं कशी शिकतात त्याच्या थिअऱ्या, ब्लूम काय म्हणाला, मिलरचा पिरॅमिड कसा दिसतो, सगळं. दुपारपर्यंत मागच्या रांगेतले दोघं फोनवर पेशंटला डोस सांगत होते. आणि शेवटी एका डॉक्टरांनी हात वर करून विचारलं, "हे सगळं ठीक आहे हो, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेत आणि पोरगं माझ्या शेजारी उभंय, तेव्हा मी नक्की करायचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली.

नंतर बऱ्याच ओपीड्यांमध्ये बसून बघितल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. ह्या डॉक्टरांना मेडिसिन येतं, समजावून सांगताही येतं, पेशंटच्या नातेवाइकांसमोर दिवसभर तेच तर करतात. त्यांचं अडतं एकाच ठिकाणी, थांबण्यात. पोरगं बोलायला लागलं की मध्ये तोडायचं नाही, त्याचा हात अडखळला की लगेच सुई काढून घ्यायची नाही, आणि तरीही पेशंटला धक्का लागू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं एकट्याने, घाईत काम केलेल्या माणसाला हे फार जड जातं. खाली लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या फिरून फिरून ह्याच एका गोष्टीवर येतात.

पायरी १: ट्रेनिंगच्या आधी त्यांच्या ओपीडीत जाऊन बसा

अर्धा दिवस पुरतो. कोपऱ्यात बसायचं आणि बघायचं. एका पेशंटला किती मिनिटं जातात, दुसरी खोली किंवा निदान पडद्याआड दुसरं टेबल आहे का, पोरगं उभं कुठे राहणार, सिस्टर कोण आहेत आणि दवाखाना खरं म्हणजे कोण चालवतं (उत्तर बहुतेक वेळा सिस्टरच असतं). मोठं हॉस्पिटल किती लांब आहे आणि रात्री सिरियस पेशंट आला तर काय करतात हेही विचारून घ्या.

मग डॉक्टरांना सरळ विचारा, भीती कशाची वाटते. तीन उत्तरं ठरलेली आहेत. एक, वेळ नाही. दोन, मी कॉलेज सोडून वीस वर्षं झाली, ही पोरं नव्या गाइडलाइन्स वाचून येणार आणि माझं पितळ उघडं पडणार. तीन, पोराच्या हातून काही झालं तर कोण निस्तरणार?

तिसऱ्याचं उत्तर तुम्ही तोंडी देऊ नका. कॉलेजकडून ते लेखी आणा, म्हणजे जबाबदारी कोणाची, विमा कोणाचा, विद्यार्थ्याला कुठल्या गोष्टींना हात लावायची परवानगी आहे आणि कुठल्याला नाही, तक्रार आली तर फोन कोणाला करायचा. हा कागद हातात नसताना ट्रेनिंग सुरू केलं तर डॉक्टर मान डोलावतात आणि पोरगं आल्यावर त्याला सहा महिने भिंतीला टेकवून नुसतं उभं करतात. त्यात त्यांचा दोष नाही, मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या भीतीसाठी एकच वाक्य शिकवून ठेवा: "मला माहीत नाही, तू बघ आणि उद्या मला सांग." सुरुवातीला डॉक्टरांना हे म्हणताना कसंतरीच होतं, पण मोठ्या माणसाने सरळ माहीत नाही म्हटलेलं विद्यार्थ्याने एकदा ऐकलं की तोही पुढे थापा मारत नाही. ह्याचा उपयोग कुठे होतो ते पुढे येईलच.

पायरी २: "आमच्याकडे पोरांचं नुकसान होईल" हे मनातून काढा

ही शंका डॉक्टर उघडपणे बोलत नाहीत पण असते, की आपल्याकडे ना स्पेशालिस्ट ना मशीन, पोरं इथे काय शिकणार. ह्यावर भाषण नको, दोन-तीन गोष्टी सांगा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठ १९७१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कित्येक महिने एकाच ग्रामीण ठिकाणी ठेवतंय. दक्षिण ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये रिव्हरलँड ह्या ग्रामीण भागात काही मोजक्या विद्यार्थ्यांना अख्खं वर्ष गावातल्या जनरल प्रॅक्टिसमध्ये ठेवून शिकवायला सुरुवात केली. मेडिसिन, सर्जरी, बालरोग अशा वेगवेगळ्या पोस्टिंग न करता समोर येईल त्या पेशंटमधून सगळं एकत्र. तेव्हाही लोकांना हीच काळजी होती, पण २००४ मध्ये त्यांचे परीक्षेचे निकाल छापून आले तेव्हा ही पोरं शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेल्यांच्या मागे पडलेली नव्हती, उलट पुढेच होती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये खेड्यात डॉक्टर टिकावेत म्हणून ज्या शिफारशी केल्या त्यात शिकतानाच ग्रामीण भागात अनुभव द्या हे आहे, आणि २०२१ च्या सुधारित गाइडलाइनमध्येही ते कायम आहे.

एवढं बस झालं, ह्यावर पाच मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका.

पायरी ३: एका दिवसाचं वर्कशॉप विसरा

नव्वद मिनिटांची सेशन्स घ्या, दोन सेशनमध्ये दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, ग्रुप चार ते सहा डॉक्टरांचा. एका सेशनला एकच कौशल्य, आणि मधल्या आठवड्यांत ते आपल्या ओपीडीत वापरून यायचं. एकट्या डॉक्टरला दवाखाना बंद करून दिवसभर बाहेर काढणं म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या पेशंटची गैरसोय, त्यामुळे जमेल तिथे तुम्हीच त्यांच्याकडे जा, नाहीतर संध्याकाळी व्हिडिओ कॉल. व्हिडिओवर रोल प्ले जमत नाही असं लोक म्हणतात, पण जमतो, फक्त पहिल्या वेळेस सगळे लाजतात.

आणि एका सेशनला सिस्टरनाही बोलवा. का ते पाचव्या पायरीत येतं.

पायरी ४: पहिलं सेशन, एका मिनिटात शिकवणं

ह्यालाच इंग्रजीत वन मिनिट प्रिसेप्टर म्हणतात. अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि गर्दीच्या ओपीडीसाठी ह्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. पाच गोष्टी आहेत: विद्यार्थ्याला आधी काहीतरी ठरवून बोलायला लावायचं, ते कशावरून ठरवलं हे विचारायचं, एक नियम शिकवायचा, काय बरोबर केलं ते सांगायचं, काय चुकलं ते सांगायचं.

पण हे स्लाइडवर दाखवू नका, करून दाखवा. मी एक घडी घातलेला कागद घेऊन जातो. वर केस लिहिलेली असते, दोन वर्षांची मुलगी, तीन दिवस ताप आणि खोकला. एक डॉक्टर विद्यार्थी होतात, दुसरे सुपरव्हायजर. पहिल्यांदा म्हणतो, रोज जसं कराल तसंच करा. बहुतेक वेळा असं होतं:

"सर, दोन वर्षांची मुलगी, तीन दिवसांपासून ताप आणि खोकला, खाणं जरा कमी..."

"उलट्या? जुलाब? लसी झाल्यात सगळ्या? श्वास बघितलास? बरं सरक, मीच बघतो."

वीस सेकंदांत खेळ खलास. मग मी सगळ्यांना विचारतो, विद्यार्थ्याच्या डोक्यात काय होतं ते कोणाला कळलं? कोणालाच नाही. आता तेच परत, पाच पायऱ्या वापरून:

"तुला काय वाटतंय, काय असेल?"

"व्हायरल वाटतंय सर."

"कशावरून?"

"नाक वाहतंय, घरात मोठ्या भावाला पण सर्दी आहे, आणि मुलगी तशी खेळतेय."

"चुकवून चालणार नाही असं अजून काय असू शकतं?"

इथे विद्यार्थी गप्प. आणि सुपरव्हायजर झालेले डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडतात, तेव्हा मी हाताने खूण करतो, थांबा.

"...न्यूमोनिया?"

"तो नाहीये हे कशावरून ठरवलंस?"

"छाती ऐकली सर, क्लिअर वाटली."

"श्वास मोजलेस?"

"नाही सर."

आता नियम, एकच: एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ५०. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, पूर्ण मिनिटभर मोजायचं, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करायचे नाहीत, आणि छाती आत ओढली जातेय का ते कपडे वर करून बघायचं. मग चांगलं काय केलं ते, नेमकं: "भावाची सर्दी विचारलीस ते बरं केलंस, कितीतरी लोक घरातल्यांचं विचारतच नाहीत." मग चूक: "पण श्वास मोजल्याशिवाय न्यूमोनिया नाही असं म्हणायचं नाही. चल, दोघं मिळून मोजू."

मग मी कागदाची घडी उघडायला सांगतो. आत आकडा असतो, ४६. खोलीत सगळे एकदम गप्प होतात, कारण व्हायरल म्हणून घरी जाणाऱ्या मुलीचं आता सगळंच बदललेलं असतं, आणि ते "मीच बघतो" न म्हणता विद्यार्थ्याच्या तोंडून आणि हातून बदललंय. (घड्याळ लावून बघा, दुसरा प्रकार दोन मिनिटांच्या आतबाहेर होतो. एका मिनिटाचं नाव जरा फसवं आहे.)

मघाशी हाताने खूण केली त्याबद्दल थोडं. १९७० च्या दशकात मेरी बड रो ह्या अमेरिकन संशोधिकेने शाळेतल्या वर्गांत मोजून बघितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, सुधारतात, जी मुलं कधी बोलत नाहीत ती बोलायला लागतात. शाळेतली गोष्ट आहे, पण आमच्या ओपीडीत तंतोतंत लागू पडते. डॉक्टरांना सांगा, प्रश्न विचारला की मनात एक, दोन, तीन मोजा. सोपं वाटतं, करून बघा. तीन सेकंद युगासारखे वाटतात.

पुढच्या सेशनपर्यंतचा गृहपाठ एवढाच: रोज एका तरी पेशंटला "तुला काय वाटतंय" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. पाचही पायऱ्या रोज करा म्हटलं की कोणी एकही करत नाही.

पायरी ५: वेळेचं गणित

वेळ नाही ही तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नका. पहिले दोन-तीन आठवडे ओपीडी लांबतेच हे आधीच सांगून टाका, नाहीतर डॉक्टर म्हणतील तुम्ही फसवलंत. पण रांग जराशी वेगळी लावली तर बराच फरक पडतो.

समजा नऊला ओपीडी सुरू. पहिला पेशंट विद्यार्थी दुसऱ्या टेबलावर एकटा बघतो, त्याच वेळात डॉक्टर आपले दोन-तीन पेशंट संपवतात. सव्वानऊला डॉक्टर विद्यार्थ्याच्या टेबलाशी जातात, पेशंटच्या समोरच केस ऐकतात, तपासणीतली महत्त्वाची गोष्ट स्वतः बघतात, ठरवतात. साडेनऊला डॉक्टर परत आपल्या रांगेकडे आणि विद्यार्थी नोट्स लिहितो, औषधं समजावून सांगतो. मग पुन्हा तेच. म्हणजे विद्यार्थी तासाला एक-दोन पेशंट नीट बघतो आणि डॉक्टरांची रांगही सरकत राहते. पेशंटसमोर केस ऐकण्याचा अजून एक फायदा म्हणजे पोराने काही चुकीचं सांगितलं की पेशंट स्वतःच म्हणतो, "नाही हो, दुखणं उजवीकडे आहे."

विद्यार्थ्याला कुठला पेशंट द्यायचा हे सिस्टर ठरवू शकतात, म्हणून त्यांना सेशनला बोलवायचं. घाई नसलेला, बोलायला आवडणारा, आणि ज्याचं दुखणं अजून नीट उलगडलेलं नाही असा पेशंट त्या दारातूनच ओळखतात.

पायरी ६: किती सोडायचं, कधी धरायचं

हे सेशन सगळ्यात जास्त वेळ खातं आणि खाऊ द्या.

ओले टेन केट ह्या डच शिक्षणतज्ज्ञाने २००५ मध्ये एक कल्पना मांडली, की विद्यार्थ्याला मार्क देत बसण्यापेक्षा एकेक काम घ्या आणि विचारा, हे काम ह्याच्यावर कितपत सोपवता येईल? त्यातून पुढे एक ते पाच अशा पायऱ्या ठरल्या: नुसतं बघायचं, मी शेजारी उभा असताना करायचं, मी हाकेच्या अंतरावर असताना करायचं, एकट्याने करायचं, आणि शेवटची, दुसऱ्याकडून करून घ्यायचं.

व्यायाम असा. एका काल्पनिक विद्यार्थिनीचं अर्ध्या पानाचं वर्णन वाचून दाखवा आणि कामांची यादी द्या: बीपी घेणं, सलाइनची सुई लावणं, हातावरच्या जखमेला टाके, चेहऱ्यावरच्या जखमेला टाके, जुन्या शुगरच्या पेशंटची गोळी बदलणं, नातेवाइकांना वाईट बातमी सांगणं. प्रत्येक डॉक्टरने आकडा लिहायचा, एकमेकांचं न बघता. मग सगळे आकडे फळ्यावर. टाक्यांवर कोणी चार लिहिलेलं असतं, कोणी दोन, आणि वाईट बातमीवर जवळजवळ सगळे विचार न करताच तीन लिहून मोकळे होतात, जणू त्यात पेशंटला इजा होतच नाही. इथून जो वाद सुरू होतो तेच खरं ट्रेनिंग, तुम्ही फक्त ऐका.

मग विचारा, आकडा वाढवायला काय बघाल? हाताची सफाई तर झालीच, पण अनुभवी डॉक्टर हळूहळू दुसऱ्याच गोष्टींवर येतात. पोरगं खरं बोलतं का. सांगितलेलं करतं का. आपल्याला जमत नाहीये हे त्याला वेळेवर कळतं का आणि ते हाक मारतं का. पायरी चारमधलं ते "नाही सर" आठवा. श्वास मोजले नाहीत हे कबूल करणाऱ्या पोरावर उद्या थोडं जास्त सोडता येतं, "छत्तीस होते सर" असं ठोकून देणाऱ्यावर कधीच नाही. म्हणून तर कबूल करणाऱ्याला तिथल्या तिथे झापायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळेस तोही आकडा ठोकून देईल.

आता टाके. हे हातानेच शिकवायला लागतं, फोमचा तुकडा, नीडल होल्डर, फोर्सेप आणि धागा बरोबर न्या. रॉडनी पेटन ह्या सर्जनने मांडलेल्या चार पायऱ्या इथे चांगल्या चालतात. आधी शिकवणारा न बोलता नेहमीच्या स्पीडने एक टाका घालतो. मग हळूहळू, प्रत्येक हालचाल बोलून दाखवत. तिसऱ्या वेळी विद्यार्थी बोलतो आणि शिकवणारा त्याच्या सांगण्याप्रमाणे करतो, अगदी चुकीचं सांगितलं तर थांबून विचारतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः. तिसरी पायरी सगळे गाळतात आणि तीच सगळ्यात कामाची, कारण पोराच्या डोक्यात काय गोंधळ आहे तो सुई कातडीत जायच्या आधीच बाहेर पडतो.

एकदा एका डॉक्टरांना मी हे करताना बघत होतो. चौथ्या पायरीवर विद्यार्थी झालेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी मुद्दाम सुई टोकाजवळ धरली, आणि ह्यांचा हात आपोआप पुढे गेला, होल्डर काढून घेतला, टाका पूर्ण केला आणि मग मान वर करून म्हणाले, "अरेच्चा." सगळे हसले, तेही हसले. फोमचा तुकडा होता, कोणाचा जीव जात नव्हता, तरी हात गेलाच. तेव्हापासून मी सांगतो, विद्यार्थी टाका घालत असेल तर ग्लोव्हज घालून तयार राहा पण दोन्ही हात एकमेकांत गुंतवून छातीशी धरा. हात सोडवायला जो अर्धा सेकंद लागतो त्यात विचार येतो, खरंच घ्यायला हवं का.

आणि खरंच घ्यायची वेळ आली तर? ते वाक्य आधीच ठरवून ठेवा, विद्यार्थ्यालाही माहीत असू दे: "इथून मी घेतो." शांतपणे, एवढंच. टाक्यांची जागा बधिर केलेली असली तरी पेशंट जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं, त्याच्यासमोर "अरे अरे काय करतोयस" म्हणायचं नाही.

पायरी ७: फीडबॅक

"छान चाललंय, वाचत राहा." हा फीडबॅक नाही, पण नव्वद टक्के वेळा हाच मिळतो (आकडा माझ्या मनाचा, पण तुम्हीही मान्य कराल).

डॉक्टरांना साधा साचा द्या: मी काय बघितलं, त्याने काय झालं, पुढच्या वेळी काय करायचं. उदाहरणार्थ, "तू आजींना विचारत असताना सगळा वेळ कागदावर लिहीत होतीस. त्या दोनदा मुलाबद्दल बोलायला लागल्या आणि थांबल्या. पुढचा पेशंट बघताना पहिली दोन मिनिटं पेन खाली ठेव." त्यात स्वभावावर बोट नाही, "तुझं लक्ष नसतं" असं काही नाही, जे डोळ्याने दिसलं तेवढंच. आणि हे बोलायचं तर आधी बघावं लागतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं डॉक्टरांनी काही न करता नुसतं विद्यार्थ्याला पेशंट बघताना बघायचं. मिनी-सीईएक्स (Mini-CEX) नावाचा एक छोटा फॉर्म ह्यासाठी वापरतात, बोलताना त्याचं "मिनी सेक्स" होतं, नाव ऐकून खोलीत हशा होतो तो होऊ द्या आणि पुढे चला. फॉर्म महत्त्वाचा नाही, खुर्चीत बसून बघणं महत्त्वाचं.

चूक एकट्यात सांगायची, त्याच दिवशी. सुरुवात "हा फीडबॅक देतोय" अशी करा, कारण चालता चालता दिलेला सल्ला पोरांना फीडबॅक वाटतच नाही आणि शेवटी फॉर्मवर लिहितात की आम्हाला कधी काही सांगितलंच नाही. आधी विद्यार्थ्याला स्वतःचं विचारायचं आणि मग आपलं सांगायचं ही जुनी पद्धत बरी आहे, पण आधी गोड, मग तिखट, मग परत गोड असा सँडविच मी शिकवत नाही. दोन वेळा खाल्ला की पोरं गोड ऐकलं की मान खाली घालून तिखटाची वाट बघतात.

पायरी ८: पेशंट आणि गाव

विद्यार्थी खोलीत यायच्या आधी पेशंटला विचारायचं. विद्यार्थी समोर उभा असताना "चालेल ना?" म्हटलं की कोण नाही म्हणणार? हे सिस्टरनी बाहेरच विचारलेलं सगळ्यात बरं, आणि नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला, कारण विचारायचं नाही.

छोट्या जागेची अजून एक गोष्ट आहे जी मोठ्या हॉस्पिटलात शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. सकाळी जिची तपासणी केली ती बाई संध्याकाळी दुकानात भेटते, आणि विद्यार्थ्याने सहज "आता बरं वाटतंय का?" विचारलं तरी शेजारच्या चौघांना कळतं की ही दवाखान्यात गेली होती. पेशंटने आधी हाक मारली तरच बोलायचं आणि तब्येतीचा विषय बाहेर काढायचा नाही, हे पहिल्या दिवशी तोंडावर सांगायला डॉक्टरांना शिकवा.

पायरी ९: पहिला दिवस

डॉक्टरांकडून अर्ध्या पानाची यादी करून घ्या. राहायची सोय, रात्री कोणाला फोन करायचा, फोन कधी केलाच पाहिजे (इथे "वाटलं तर कर" चालणार नाही, ठरलेले प्रसंग लिहा: बेशुद्ध पेशंट, दम लागलेलं मूल, छातीत दुखणं, गरोदर बाईला रक्तस्राव), आठवड्यातला कुठला अर्धा दिवस सुट्टी. आणि सुई टोचली तर काय. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच सांगायचं. एचआयव्हीसाठीचं पीईपी (संसर्ग होऊ नये म्हणून घ्यायचं औषध) जितक्या लवकर तितकं चांगलं आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्यामुळे ते औषध सगळ्यात जवळ कुठे मिळतं हे डॉक्टरांना आत्ता, पोरगं यायच्या आधी माहीत पाहिजे. मी सेशनमध्ये हा प्रश्न विचारतो तेव्हा निम्म्या लोकांना फोन करून शोधावं लागतं.

एकटेपणाचंही बघा. वीस-बावीस वर्षांचं पोर, ओळखीचं कोणी नाही, आणि पहिल्यांदाच समोर पेशंट गेलेला. त्या संध्याकाळी डॉक्टरांनी दहा मिनिटं बसून "कसा आहेस" विचारायचं, हे कामाच्या यादीतच लिहून टाका. सोडून दिलं तर राहून जातं.

पायरी १०: पोरगं अडखळत असेल तर

बहुतेक पोरं ठीक असतात. पण एखादं नसतं, आणि तेव्हा खेड्यातला सुपरव्हायजर हमखास एक चूक करतो, शेवटच्या फॉर्मवर "चांगला" अशी टिक मारून मोकळा होतो. एकत्र राहिल्याने जीव लागलेला असतो, वाईट लिहिलं तर कॉलेज विचारेल, शिवाय आपलंच शिकवणं कमी पडलं असेल असंही वाटतं. सांगायचं एवढंच: अर्ध्या वाटेवर एक बैठक ठरवून ठेवा, तारीख घालून जे दिसलं ते दोन ओळींत लिहीत जा, आणि शंका आली की त्याच आठवड्यात कॉलेजला फोन. निर्णय कॉलेजने घ्यायचा, डॉक्टरांनी फक्त काय बघितलं ते सांगायचं. ही वाटणी स्पष्ट केली की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

पायरी ११: सेशन्स संपल्यावर परत जा

इथेच सगळे ढेपाळतात, मीसुद्धा. सर्टिफिकेट वाटली, फोटो काढला, झालं. पण खरं काय झालं ते विद्यार्थी तिथे असताना तुम्ही परत कोपऱ्यात जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

मी वही घेऊन बसतो आणि तीनच गोष्टी मोजतो. विद्यार्थी केस सांगायला लागल्यापासून डॉक्टर किती सेकंदांनी मध्ये बोलले. "तुला काय वाटतंय" किती वेळा आलं. आणि पेशंटला हात कोणाचे लागले, दोघांचे की एकाचेच. शेवटी हे आकडे डॉक्टरांना दाखवतो, मत न देता. बहुतेक जण पहिला आकडा बघूनच हसतात. एक मॅडम म्हणाल्या, "अकरा सेकंद? मला वाटलं मी चांगली पाच मिनिटं गप्प होते."

मधल्या काळात महिन्यातून एकदा ग्रुपचा कॉल ठेवा, अर्धा तास, प्रत्येकाने एक फसलेला प्रसंग सांगायचा. जमलेल्या गोष्टी ऐकून कोणी काही शिकत नाही आणि सगळे बढाया मारायला लागतात. आणि दवाखान्यातून निघताना दुसऱ्या भेटीची तारीख सिस्टरच्या रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहून निघा, नंतर फोनवर ठरवू म्हटलेली भेट कधी होत नाही.